लाल ठिपक्याची सावड

सकाळी सात वाजता सोनाजी खांद्यावर टॉवेल टाकून उंबऱ्यात उभा राहिला, तो उकंडराव पाटलांच्या शेतावर जायला. साडेनऊलाही तो उंबऱ्यातच होता. टॉवेल मात्र खाली पडला होता आणि त्याच्यावर शेळी बसली होती.

"अवो, पाटलाची हळद शिजवायला जायाचं होतं ना तुमाला?" त्याच्या बायकोने, जनकाबाईने, आतून तिसऱ्यांदा विचारले.

"निघालोच. एवढा एक जीव संपू दे."

"कोनाचा?"

"माझाच की!"

हा सगळा घोळ जळबाने करून ठेवला होता. जळबा म्हणजे जनकाबाईचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर खलाशी. एकोणऐंशी सालच्या फाल्गुनात तो चार दिवस बहिणीकडे राहिला आणि जाताना दाजींच्या हातावर परदेशातली एक काळी डबी ठेवून गेला. तळहातावर मावेल एवढी. वर काचेची पट्टी, पट्टीत लाल ठिपके, खाली चार बटणं. "दाजी, ह्यो खालचा लुकलुकतो ना, त्यो आपला मानूस," जळबाने शिकवले होते. "वर किल्ला हाय, किल्ल्यात खजिना हाय. मधी धा जन धरायला टपून बसलेत. त्यांना चुकवत जायाचं. धरलं की मेला. पर घोर न्हाई, लगेच परत उठतो."

हे 'परत उठतो' सोनाजीला फारच आवडले. त्याच्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात असे कधी झालेच नव्हते. पेरणी चुकली की साल गेले. बैल चुकला की तीन सालं गेली. इथे माणूस मेला की डबी हसल्यासारखी 'कुईं' करायची आणि ठिपका पुन्हा ताजातवाना होऊन खाली उभा! शिवाय तो ठिपका नुसता ठिपका नव्हता, तो सोनाजी होता. "सोनाजी निघाला वसमतला... हितं तलाठी उभा हाय, त्याला दिला चकवा... हितं सासरा... अरं बाप रे, व्याही!" असे तो मोठमोठ्याने बोलत बटणं दाबी. 'कुईं.' व्याह्याने धरले.

जनकाबाईला मात्र वेगळाच घोर लागला होता. अंगणात निंबाखाली तिच्या हळदीचा ढीग पडलेला होता. नऊ महिने राबून वाढवलेली, कालच खणून काढलेली हळद. ती वेळेवर शिजवली नाही तर सडते, मग तिला कुत्रं विचारत नाही. शिजवायची मोठी कढई गावात एकच, पाटलांची, आणि ती रविवारी त्यांच्या जावयाच्या गावी, जवळा बाजारला, जायची होती. बरे, कढई मिळून भागत नाही. भट्टीवर आठ-दहा माणसं लागतात. त्यासाठी गावात सावड चाले. आज मी तुझ्या भट्टीवर, उद्या तू माझ्या. जो आला नाही, त्याच्याकडे कोणी जायचे नाही. आज बुधवारी पाटलांची पाळी होती आणि शुक्रवारी जनकाबाईची. म्हणून ती ओरडत होती, आणि म्हणूनच तिचा आवाज आता रडवेला झाला होता.

दहाला शेजारचा अमृतराव आला. पाटलांनीच त्याला सोनाजीला आणायला धाडले होते.

"सोन्या, पाटील तापलेत. ऊठ."

"थांब. ह्ये बघ, अमृतराव निघाला!"

"कुठं?"

"किल्ल्यावर. ह्यो तू."

"ह्यो मी?" अमृतराव वाकला. "मंग ह्यो मागं लागलाय त्यो कोन?"

"त्ये तू सांग."

अमृतरावाने क्षणभर विचार केला. "माझा चुलता हाय. दोन सालापासून बांध कोरून राहिला. आण इकडं ती डबी, त्याला दावतो!" आणि अमृतराव शेळीला ढकलून टॉवेलवर बसला.

अकराला पाटलांनी लालसिंगला धाडले. लालसिंग तांड्यावरचा, हळदीतला मोठा जाणता. शिजणाऱ्या हळदीत काडी खुपसून 'झाली' म्हणावे ते त्यानेच. "दोगांच्या कानाला धरून आन, तवर हळद शिजतेच हाय," असे पाटील म्हणाले होते. लालसिंगने आल्या आल्या दोघांचे कान धरलेही. पण कान धरून त्याने काचेत डोकावले, तिथे चूक झाली. त्याच्या किल्ल्याच्या वाटेवर दहाच्या दहा फॉरेस्टवाले निघाले. "मोळीभर जळण आनलं म्हनून धरता व्हय रे?" असे म्हणत त्याने डबी घेतली, आणि त्या दोघांचे कान सुटले.

बाराला पाटील स्वतः आले. हातात काठी, तोंडात शिव्या.

"काहून बे! तिकडं माझी कढई उकळून राहिली अन् तुमी हितं..."

"पाटील, अमृतराव मेला," लालसिंग हळहळून म्हणाला.

"आँ? कवा?" पाटलांची काठी खाली आली.

"आत्ताच," अमृतराव म्हणाला. "पर उठलो परत. बसा ना पाटील. ह्ये बघा, ह्यो खालचा तुमी."

पाटील चिडले, म्हणाले मी असल्या पोरकटपणात पडत नसतो. मग म्हणाले, दाखवा तरी. मग म्हणाले, मी एवढा बारका काहून? मग बसले. पहिल्याच झटक्यात सोसायटीचा चेअरमन चुकवला, मेव्हणा चुकवला, आणि किल्ल्याच्या दारात धरले गेले.

"कोन होतं हो पाटील?"

"शालू," पाटील पुटपुटले. शालूबाई म्हणजे त्यांची बायको. चौघेही इतके हसले, की जनकाबाई पाण्याचा तांब्या आपटून घरात निघून गेली.

तिकडे भट्टीवर दोन गडी उरले होते. त्यांना जाळ घालायला सांगितले होते. थांबा म्हणायला कोणी नव्हते, म्हणून ते बिचारे इमानदारीने कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या लावत राहिले. दोन वाजता वारा फिरला आणि करपट वास गावात आला. लालसिंगने नाक वर केले आणि त्याचा चेहराच उतरला. "पाटील, गेली," एवढेच तो म्हणाला. चौघे पळत सुटले. कढईत हळदीचा पार लगदा झाला होता. काडी खुपसायची गरज नव्हती, काडी आपोआप आत गेली.

पाटलांनी काठीने लगदा ढवळून बघितला. मग सोनाजीकडे वळून म्हणाले, "सोन्या, तुझी सावड तुटली. तुला कढई न्हाई, मानूस न्हाई. जो कोनी ह्याच्या भट्टीवर जाईल त्याची बी तुटली!" स्वतःही दीड तास डबी खेळलो, हे बोलायची ती वेळ नव्हती, आणि बाकीच्यांनीही ते काढले नाही.

गुरुवारी सोनाजी घोंगडी पांघरून भिंतीकडे तोंड करून पडला. जनकाबाई ढिगापाशी गेली. वरची हळद अजून टणटणीत होती. खाली हात घातला तर ऊब लागत होती. आता दोन-तीन दिवसांचाच खेळ. तिला रडू कोसळले.

"आता तुमचा त्यो जीव संपला का?" ती घरात येऊन म्हणाली. "द्या इकडं ती अवदसा. हिरीतच टाकते."

सोनाजीने मुकाट्याने डबी काढून दिली. ती विहिरीकडे निघाली खरी, पण निंबाखाली थांबली. एवढ्या चार शहाण्या बाप्यांना येडं केलं, ते आहे तरी काय, ते बघावे म्हणून बटण दाबले. खालचा ठिपका लुकलुकला. "ह्यी मी," तिला उगाच वाटून गेले. जनका निघाली कळमनुरीला, माहेरी. लगेच आडवी आली म्हैस. मग दळण. मग पाहुणे. 'कुईं.' ती चिडली. पुन्हा निघाली. 'कुईं.' पुन्हा. दुपार कलली तरी जनकाबाई निंबाखालीच. आणि एकदम डबीतून भलताच आवाज आला. 'कुईं' नव्हे, चांगला लांबलचक, लग्नातल्या बॅन्डसारखा सूर! काच झगझगली. ती किल्ल्यावर पोचली होती. जनकाबाई अख्ख्या जन्मात कधी कुठे पहिली आली नव्हती. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच टाळ्या वाजवू लागली. तेवढ्यात सूर चिरकला, काच काळी पडली आणि डबी बंद झाली. कितीही बटणं दाबली तरी हूं की चूं नाही.

पण सूर गल्लीत पोचला होता. अमृतराव कुडावरून डोकावला.

"वैनी, काय वाजलं?"

"पोचले."

"किल्ल्यावर? तुमी? कशा?"

जनकाबाई खरे सांगणारच होती, की बाबा, डबी मेली. पण तिची नजर ढिगावर गेली. "असं उभ्या उभ्या सांगायची गोष्ट न्हाई ती," ती म्हणाली आणि डबी कनवटीला खोचली. "उद्या माझी हळद शिजली, की भट्टीपाशी सांगते. जो येईल त्याला."

शुक्रवारी दिवस उगवायच्या वेळी दारात बैलगाडी थांबली. गाडीत कढई, गाडीवर खुद्द पाटील.

"रिकामीच पडून होती," पाटील दुसरीकडे बघत म्हणाले. "म्हनलं, उगं गंजंल."

मागून लालसिंग आला, अमृतराव आला, ते दोन इमानदार गडी आले आणि ज्यांनी डबी नुसती ऐकली होती असे आणखी चार जण आले. भट्टी पेटली. आणि मग जो दिवस झाला तसा त्या गावात हळदीचा दिवस कधी झाला नव्हता. "लालसिंग निघाला!" म्हणत लालसिंग पऱ्हाट्यांचा भारा घेऊन पळे आणि बाकीचे फॉरेस्टवाले होऊन त्याला आडवे जात. पाट्या वाहणारे गडी एकमेकांना चुकवत धावत. कोणी धडकला की सगळे मिळून ओरडत, "कुईं!" आणि तो तिथल्या तिथे मरून, उठून, पुन्हा पाटी उचले. पाटलांना व्याही करून वाटेवर उभे केले होते. त्यांनी सोनाजीला अकरा वेळा धरला. काडी खुपसायच्या वेळी मात्र लालसिंग जागचा हलला नाही. दिवस मावळायच्या आत सगळी हळद शिजून, पिवळीजर्द होऊन ताडपत्रीवर पसरली गेली.

"हां वैनी," अमृतराव घाम पुसत म्हणाला. "आता सांगा."

जनकाबाईने पदर खोचला. "सांगते. तुमी सगळे सुटलं की पळता. मी बी आदी तसंच केलं. मंग कटाळून जागच्या जागी थांबले. त्ये धाही जन एकामागं एक निघून गेले. मंग मी गेले चालत."

"बस्स? दावा बरं!"

"दावता येत न्हाई." तिने डबी पुढे केली. "ही कालच मेली, किल्ल्यावर पोचले तवाच. मी बोलले न्हाई, कारन माझी हळद सडून चालली होती. आता काय बोलायचं ते बोला."

पाटलांनी डबी घेतली, मागचे झाकण नखाने उघडले, आत बघितले, बराच वेळ बघितले आणि झाकण लावले. "शेल संपलेत," ते म्हणाले. "असले शेल आपल्याकडं भेटत न्हाईत. जहाजावरचे हायेत. खेळ संपला, जावा घरला."

"पाटील, थांबा." जनकाबाईचे डोळे भरून आले होते. "तुमची कढईभर हळद आमच्यापायी गेली, तरी तुमी आलात. तुमी समदे आलात. तुमचे उपकार कसे फेडू?"

"सावडीत कसले आले उपकार!" पाटील खेकसले, पण त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता.

"मंग ही डबी तरी ठेवा. बंद हाय, पर माझ्याकडं द्यायला दुसरं काही न्हाई."

"बंद डबी घेऊन मी काय करू?" पाटील म्हणाले आणि डबी खिशात घातली.

शनिवारी सकाळी गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखे वाटले. पाटलांचा रेडिओ रोज सातच्या बातम्या सगळ्या गावाला ऐकवी, तो आज वाजलाच नाही. जनकाबाई भाकरी बांधत होती, तेवढ्यात शालूबाई लगबगीने आली.

"जनका, आमच्या ह्यांचं काही खरं न्हाई बघ. पहाटपासून माडीला कडी लावून बसलेत. रेडिओ पालथा पडलाय, त्यातले शेल गायब. अन् आतून एकटेच बोलून राहिलेत, 'थांब उकंडराव, थांब जागच्या जागी!' उद्या कढई जायाची, अन् आमची उरलेली हळद तशीच हाय. मानसं कोन बोलवील?"

जनकाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"बोलवायचं काय त्यात, वैनी? समदे कवाच तुमच्या भट्टीवर गेलेत. आमचे ह्ये तर साडेसहालाच गेले."

"सोनाजी? आपल्या पायानं?" शालूबाईने विचारले.

"आपल्या पायानं. काल माझी हळद शिजली, वैनी. मी जल्मात इसरनार न्हाई." जनकाबाईने भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेतले. "चला. पाटलाला कोनी हाका मारू नका, त्यांची बी लई तकलीफ झालीया. पोचू द्या त्यास्नी किल्ल्यावर, भाकर ठेवते मी झाकून."