मेश्रामकाका मुद्द्यावर येत नाहीत

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी साडेसातला, नोएडातल्या आमच्या सोसायटीत, स्वयंपाकाला येणाऱ्या रेखादीदींना लिफ्टमधून उतरवलं. गुडघा सुजलेला, काम अकराव्या मजल्यावर. सेक्रेटरी म्हणाला, "मेड लोग सीढ़ी से." असा नियमच नव्हता, म्हणून त्याने रविवारच्या सभेत तसा ठराव आणला. ह्याच लिफ्टमधून यांचे कुत्रे रुबाबात फिरतात.

बहुमत सेक्रेटरीच्या बाजूचंच. आडवे आले मेश्रामकाका. मूळचे नागपूरचे, संसदेत दुभाषे होते. सभेत बोलायला वेळेची मर्यादा नाही, आणि दर रविवारी एक वाजता हॉल बर्थडे पार्टीला सोडावा लागतो, हे फक्त त्यांच्या लक्षात होतं.

तासन्‌तास उभं राहून बोलायचं म्हणून काका स्पोर्ट्स शूज घालून आले होते. सुरुवात लिफ्टच्या दोरखंडापासून, मग संत्र्याच्या बागा, मग वडाभाताची अख्खी कृती.

"अंकल, पॉइंट पे आइए."

"बस, आ ही रहा हूँ."

एक वाजला. फुगेवाले आत शिरले. ठराव पुढच्या रविवारवर गेला. तोवर लिफ्ट दीदींची.

"ही कसली लोकशाही, काका?" मी चिडूनच विचारलं.

"लुटारूगिरी आहे, पोरी. फिलिबस्टर म्हणतात याला. मूळ डच शब्द, अर्थ लुटारू. स्पॅनिशमधून फिरत समुद्री चाच्यांना लागला. पुढे अमेरिकेत, बोलत राहून बिल अडवणाऱ्यांना. काळ्यांच्या हक्कांचे कायदे तिथे असेच वर्षानुवर्षं कुजवले. हत्यार त्यांचंच. मी जरा उचललं."

काल त्यांच्याकडे गेले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. दार उघडून नुसती मान हलवली. पुण्याहून मुलीचा फोन स्पीकरवर चालू होता.

"बाबा, जेवलात?"

काकांनी फोनवर चमचा वाजवला. एक ठोका म्हणजे हो.

"पुन्हा एवढं बोललात तर आवाज पार जाईल, असं डॉक्टरांनी म्हटलंय. सभेपासून गप्प आहात, छान. रविवारीही गप्पच बसाल ना?"

चमचा थोडा वेळ हवेतच राहिला. मग एक ठोका.

बाल्कनीत धुतलेले स्पोर्ट्स शूज वाळत होते.

मी भाडेकरू, मला सभेत तोंड उघडायचा हक्क नाही. तुम्हाला आहे. तुम्ही फ्लॅटमालक आहात, घसा शाबूत आहे. रविवारी या. काका उठायच्या आधी उभे राहा. आजोळचं सांगा, पहिल्या नोकरीचं सांगा, भरीत कसं करता ते सांगा. फक्त एक वाजेपर्यंत मुद्द्यावर येऊ नका.