मिनिटाला सव्वीस

बाबांच्या रक्ताची सिरिंज नर्सने बर्फाच्या थर्मासमध्ये घालून माझ्या हातात दिली, आणि तिची पाठ वळताच मी बर्फ ओतून दिला. आधीच जुलाबांनी आजारी माणसाचं रक्त, त्यात गारठायला नको! अंबरनाथच्या हॉस्पिटलातून उल्हासनगरच्या लॅबपर्यंत रिक्षात मी ती स्वेटरमध्ये गुंडाळून छातीशी धरून नेली.

रक्तातलं आम्ल मोजायच्या मशीनवर आमच्या तळमजल्यावरचे केळुसकरमामा होते. त्यांनी सिरिंजला हात लावला, मग कपाळाला. "अरे साईं, हे रक्त आहे की विरजण? उबेला ठेवून आंबवलंत! आता माप घेऊ की कढी करू?"

मामा तसे देवमाणूस; उल्हासनगरच्या सिंध्यांत राहून सगळ्यांनाच 'साईं' म्हणत. वेड एकच, समोरच्याचे श्वास मोजायचे. पाहुणा आला की यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर. पाहुण्याला वाटे, आता उठा म्हणताहेत. बिचारा चहा अर्धा टाकून निघे. आमच्या सत्यनारायणाला तर तीन जिने चढून आलेल्या गुरुजींना म्हणाले, "मिनिटाला सव्वीस! किडन्या तपासून घ्या." गुरुजी पुढच्या वर्षी आले नाहीत.

"बाबांचे श्वास किती?" मामांनी विचारलं.

"मोजले नाहीत. पण दम लागलाय, म्हणजे छातीचंच असणार."

"छातीचं नव्हे. एवढे जुलाब झाले, किडन्या संपावर गेल्या असणार. रक्तात आम्ल साचलं की फुप्फुसं ओव्हरटाइम करतात. पण तुमच्या फॅक्टरीत तरी ओव्हरटाइम किती दिवस झेपतो?"

मामा स्वतः बर्फ घेऊन माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले आणि नवं रक्त घेऊन गेले. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी डायलिसिस लावलं.

मग रोज ड्यूटी संपली की मामा बाबांच्या उशाशी, घड्याळ धरून. "अडतीस." "तीस." "चोवीस." पाचव्या संध्याकाळी "सोळा!" असे ओरडले की नर्स धावत आली. बाबांनी डोळे उघडले, ते घड्याळ पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाले, "केळुसकर, घाई असेल तर निघा तुम्ही."

परतताना मामा रिक्षात हसत होते. मग एकदम म्हणाले, "आमच्या हिलाही तुमच्याकडे येताना जिन्यात दम लागायचा. मी म्हणायचो, वजन कमी कर. किडन्यांचं कळलं ते ती गेल्यावर. जगाचं रक्त तपासलं साईं, घरचे श्वास नाही मोजले."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली.

"उद्यापासून त्यांना जेवायला वर बोलवा," ती म्हणाली. "आणि तुमचं घड्याळ इथे ठेवून जा. तीन जिने चढून आले की त्यांचे श्वास मी मोजीन."