नगराध्यक्षांच्या घरची स्लावा

नगराध्यक्ष तिहोमिर यांची बायको देसांका आठवड्यापूर्वी माहेरी निघून गेली होती आणि निवडणूक तोंडावर आली होती. मतदारांना कळलं तर संपलंच. "कौटुंबिक बाब खासगी आहे," एवढंच बोलायचं, असं सल्लागार ओग्न्येनने त्यांना पढवलं होतं. ते वाक्य ते आता बेकरीवाल्यालाही ऐकवू लागले होते.

विसर पडला तो एकाच गोष्टीचा. शनिवारी स्लावा होती, त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस. स्लावाला कोणाला बोलावणं धाडत नाहीत; येईल तो पाहुणा, आणि पाहुण्याला दारातून परत पाठवलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. सकाळी दार उघडलं तर समोर वार्ताहर मिलुंका, हातात वाइनची बाटली, मागे दोन वाहिन्यांचे कॅमेरे, थेट प्रक्षेपण चालू.

"स्लावा सुखाची जावो, यजमान!"

"कौटुंबिक बाब..."

"खासगी आहे, ठाऊक आहे. आम्ही जेवायला आलोय."

तासाभरात घर भरलं. तिहोमिर रिवाजाप्रमाणे उभ्यानेच वाढत होते. शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा मिलुंकाने तोंडात घातला.

"वा! वहिनींच्या हातचा?"

"हो ना," तिहोमिर यांच्या तोंडून निसटलं. "आत आहे ती. स्वयंपाकघरात."

आत ओग्न्येन हॉटेलातून घाईने मागवलेल्या जेवणातला सारमा, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, गरम करत होता. त्याने इमानेइतबारे भांडी जोरात आपटली.

"मग भेटूनच येते," मिलुंका उठली.

"नको! ताप आहे तिला. नाक, घसा, सगळंच वाहतंय."

सगळ्यांचे चमचे हवेत थांबले. शेजारच्या म्हाताऱ्याने तोंडातला सारमा हळूच रुमालात काढला.

"अरे, तापात तिच्याकडून रांधून घेतलंस?"

"छे हो आजोबा! रांधलं दुसऱ्या बाईने."

"कोणत्या दुसऱ्या बाईने?" मिलुंकाने अगदी मऊ आवाजात विचारलं. दोन्ही कॅमेरे तिहोमिर यांच्याकडे वळले.

स्वयंपाकघरात नेमकं कोण आहे, हे आता तिहोमिर यांनाही सांगता येईना. तेवढ्यात आतून ओग्न्येन बारीक आवाज काढून ओरडला, "मी बरी आहे हो!"

"खरंच घसा बसलाय बिचारीचा," आजोबा म्हणाले.

दाराची घंटा वाजली. दारात देसांका उभी होती, फुलं आणि बाटली घेऊन.

"टीव्हीवर बघत होते," ती म्हणाली. "स्लावा सुखाची जावो, यजमान."

तिहोमिर यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे, आणि बाजूला सरकले. ती पाहुण्यांच्या रांगेत बसली. त्यांनी तिच्यापुढे गव्हाचं भांडं धरलं.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

मिलुंकाने माईक पुढे केला. "वहिनी, सरळच विचारते. घर का सोडलंत?"

"सांगते. आधी कॉफी घेऊ. यजमान, कॉफी मिळेल ना?"

"आत्ता आणतो!" तिहोमिर धावतच आत गेले.

एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग खणामागून खण. काहीतरी खळ्ळकन फुटलं. मग तिहोमिर यांचा गोंधळलेला आवाज सगळ्या घराने, आणि दोन्ही वाहिन्यांनी, ऐकला.

"देसांका! आपल्याकडे कॉफी कुठे असते गं?"

मिलुंकाने माईक खाली ठेवला. तिला आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

"शोधा," देसांका आरामात टेकून बसत म्हणाली. "सापडली की बोलू."