देवळाला ‘हालू नको’ म्हणणारे नाना

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. नाना फोटोग्राफरांची एक काच माझ्या हातून गेली, आणि त्यांनी विचारल्यावर मी सरळ नाही म्हणालो.

जुन्या धुळ्यात माझं तसबिरींना चौकटी करण्याचं दुकान, शेजारी नानांचं फोटोचं. रविवारी तिपाई खांद्यावर टाकून ते पांझरेकाठाने निघत. कुणाकडे पाहुणा आला असला, तर त्यालाही ओढत. हा पूल, हा घाट, हे एकवीरेचं देऊळ. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालण्याआधी बजावत, “हालू नको, माय!” माणसाला नव्हे, देवळाला. पुलाला ते आबा म्हणत.

घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसत. “नाना, देऊळ पळी जाई का?”

“तुले काय माहीत? उभं राहताना कोनबी हालस!”

म्हैस आडवी आली, तर तिलाही “अक्का, जरासं थांब” असं आर्जव.

त्यांच्या घाटाच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात धुण्याचा एक दगड यायचाच. “नाना, याने फोटो बिघडतो,” मी म्हणे. “बिघडू दे.”

नानांच्या कॅमेऱ्यात फोटो आधी काचेवर उतरतो, आणि आमच्या धंद्यात बिघडलेली काच वाया जात नाही. गरम पाण्यात सोडा टाकून घासली की चित्र निघून जातं, स्वच्छ काच चौकटीला मिळते. नाना अशा बाद काचा पेटीत घालून मला देत. एकदा त्यांनी देवळाचा फोटो चौकटीला दिला. पेटीत त्या मापाची काच नव्हती. नाना बाहेर गेले होते. त्यांच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेली एक सापडली. उजेडात धरली. घाटावर एक बाई, लुगडं स्पष्ट, चेहरा मात्र धुरासारखा. बाद, असं मीच ठरवलं, घासली आणि देवळाच्या चौकटीत बसवली. चौकट पाहून नाना खूश झाले.

आठ दिवसांनी पाहतो तो नाना फळीवरचं एकेक खाली उतरवताहेत.

“ती काच आठे फळीवरच व्हती. तुले दिसनी का रे?”

“कोणती, नाना?”

“तुनी काकूनी. घाटवर, त्या दगडपाशी. तिना तेवढाच फोटो शे. मी हालू नको म्हननं इसरी गऊ, आन् ती हसनी.”

काकू म्हणजे नानांची बायको; त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

“नाही दिसली,” मी म्हणालो.

देवळाची ती तसबीर नानांच्या दुकानात समोरच आहे. रोज सकाळी ते धोतराच्या सोग्याने तिची काच पुसतात. त्यांना आता नीट दिसत नाही. पुसून झालं की फळी हाताने चाचपतात, कोपऱ्यापर्यंत.

आमच्या दोघांत एक भिंत आहे, मला सगळं ऐकू येतं.

‘ती काच मी घासली, आणि तुम्ही रोज पुसता ती तीच,’ एवढं सांगणं मी नानांना देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.