अठराव्या प्रकरणी पडलेला सेनापती एकोणिसाव्यात जेवला, त्याची बखर

सकलगुणमंडित, ग्रंथरसिक, चष्माधारी वाचकराजेश्री यांचे सेवेशी आज्ञाधारक लेखनिकाची विज्ञापना ऐसी की, 'आठव्या चंद्राचा सेनापती' या पाचशे बारा पानी अद्भुत कादंबरीवरून वाचनालयाचे दालनी जी धुमश्चक्री जाहली, तीत कोण लढले, कोण पडले आणि फत्ते कोणाची, हे साद्यंत लिहून पाठवावे ऐसा हुकूम जाहला. त्यावरून जे पाहिले ते, जे ऐकिले ते, आणि जे कोणी बोलले नाही परंतु तोंडावर स्वच्छ दिसत होते तेही, पदरचे तिखटमीठ न लाविता लिहिले आहे. लाविले असल्यास थोडके.

कादंबरीचे धनी दोन. एक मातुश्री सासूबाई, टपालखात्यात तेहतीस वर्षे पत्रांची छाननी करून मानाने निवृत्त. दुसऱ्या सूनबाई, जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या. चौदा वर्षे उभयता एका छपराखाली नांदल्या, परंतु बोलणे काय ते किल्लीचे, दुधाचे आणि नळाचे. मग एके दुपारी वीज गेली, आणि सूनबाईंनी विरंगुळा म्हणून रद्दी नकाशाचे पाठीवर एक पर्वत काढिला, आणि सासूबाईंनी वाकून पाहिले आणि पुसिले, "इथं कोण राहतं?" आणि सूनबाई म्हणाल्या, "एक अजगर. पण उडणारा." तेथून जे राज्य वाढत गेले ते दोन वर्षांनी पाचशे बाराव्या पानावर येऊन थांबले.

प्रारंभी दोघींनी एकत्र बसून लिहिण्याची मसलत केली होती, परंतु पहिल्याच पानी एका स्वल्पविरामावरून तीन दिवस अबोला पडला. तेव्हा तह ठरला तो ऐसा: विषम प्रकरणे सासूबाईंची, सम प्रकरणे सूनबाईंची, एकीने दुसरीच्या मुलखात पाऊल टाकू नये, नजरही टाकू नये, आपल्या प्रकरणी काय घडले ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजचे दारी चुंबकाखाली लावावे, आणि दुसरीने तेवढ्यावरून पुढे कूच करावे. मग रोज सकाळी फ्रिजचे दारी नवी बातमी झळके. 'राणी रुसली. पूल पडला.' किंवा, 'अजगराला ताप. औषध तुझ्याकडे.' सूनबाई डोळे चोळीत आधी फ्रिजपाशी जात आणि मग तोंड धुवीत. त्या घरात त्यांचे सर्वांत सुखाचे दिवस ते हेच, आणि हे त्यांनी कोणास कधी सांगितले नाही.

आता या तहास तडा कसा गेला ते ऐकावे. एकाक्ष सेनापती म्हणून एक सरदार पहिल्या प्रकरणी सासूबाईंनी उभा केला होता. तो त्यांचा जीव की प्राण. तो हरेक लढाईत पुढे, हरेक मसलतीत वर, आणि तो असता दुसऱ्या कोणा पात्रास शिंकण्याचीही सवड मिळेना. अखेर अठराव्या प्रकरणी सूनबाईंचा संयम सुटला, आणि त्यांनी भर पावसात, खिंडीचे तोंडाशी, भाल्याचे एका घावात सेनापतीस आडवे केले. केले खरे, परंतु चिठ्ठी लिहावयास बसल्या तो हात चालेना. आईंच्या लाडक्याला मीच मारलं, हे फ्रिजवर कसे लावावे? म्हणून त्यांनी लिहिले, 'लढाई झाली. खूप पाऊस.' मनात म्हणाल्या, बाकीचे उद्या तोंडी सांगू. उद्याचा परवा जाहला, आणि परव्याचे छापखान्यात गेले, आणि दोघींनी मुद्रिते तपासली तीही तहाप्रमाणे जिची तिने.

एकोणिसाव्याची चिठ्ठी 'तंबू ठोकले. सगळे जेवले.' एवढीच होती, आणि पुढे सेनापतीचे नाव कोणत्या चिठ्ठीत आले नव्हते. पुस्तक छापून आले तेव्हा सूनबाईंनी एकोणिसावे प्रकरण उघडिले, आणि त्यांचे पायांखालची जमीन सरकली. सेनापती तंबूत मांडी ठोकून बसला होता. त्याने दोन वाडगे गरम सूप प्याले होते, चार उकडलेली अंडी फस्त केली होती, आणि तो आचाऱ्यास म्हणत होता की, अजून असेल तर आण.

सूनबाईंनी एका गोष्टीवर जीव धरिला. सासूबाईंनी छापील पुस्तक उघडिले नव्हते आणि उघडणारही नव्हत्या, कारण टपालातला त्यांचा नेम असा की, एकदा पेटीत पडले की ते आपले नाही. परंतु इतक्यात वाचकमंडळाचे पत्र आले की, शनिवारी चार वाजता कादंबरीवर चर्चा आहे, उभय लेखिकांनी अगत्य येणे. त्यावर सासूबाईंनी खुर्चीत बसूनच फर्मान काढिले, "लोक काय म्हणतात ते ऐकू, मग दुसऱ्या भागाचं बघू. पण चारचौघांत माझी चूक निघाली ना, तर मी परत पेन हातात धरणार नाही. सांगून ठेवते."

ज्या बाईने तेहतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात टाकिले नाही, तिचे हे बोलणे. सूनबाईंनी आतल्या खोलीत जाऊन हिशेब मांडिला. चूक त्यांची, आणि ती उघडी पडणार सासूबाईंचे प्रकरणी. दुसरा भाग गेला म्हणजे चिठ्ठ्या गेल्या, आणि चिठ्ठ्या गेल्या म्हणजे पुन्हा किल्ली, दूध आणि नळ. हे त्यांस सोसवणारे नव्हते.

मग सूनबाईंनी खलबत मांडिले. वाचकमंडळात सर्वांत कडवा गडी म्हणजे निवृत्त बॉयलर तपासनीस. त्यांचेपाशी एक लांब वही, तीत कादंबरीवरील चौसष्ट आक्षेप क्रमाने लिहिलेले, ही खबर ग्रंथपालबाईंकडून आधीच आली होती. त्यांस फोडावे म्हणून सूनबाईंनी आपले यजमानांस वकील नामजाद करून शुक्रवारी सायंकाळी रवाना केले आणि ताकीद दिली की, बॉयलरचे विषयी गोडीने पुसावे, आणि ते रंगात आले म्हणजे सेनापतीचा आक्षेप हळूच वगळावयास सांगावा. यजमान दोन तासांनी परतले. चेहरा उजळलेला.

"काय झालं?" सूनबाईंनी पुसिले.

"अगं, वाफेचा दाब वाढला की झडप आपोआप उघडते! मला माहीतच नव्हतं!"

"आणि सेनापती?"

"कोण सेनापती?" यजमान म्हणाले. येणेप्रमाणे वकिली बुडाली.

शनिवारी चार वाजता वाचनालयाचे मागील दालनी रण मांडिले गेले. खुर्च्या बारा, वाचक नऊ, पंखा एक आणि तोही कुरकुरणारा. पुढे दोन खुर्च्यांवर उभय लेखिका, मागे कोपऱ्यात यजमान, हाती सर्वांच्या पाण्याच्या बाटल्या. ग्रंथपालबाईंनी घंटा वाजविली आणि फर्माविले की, प्रत्येकाने मनापासून बोलावे पण लेखिका समोर आहेत हे ध्यानी ठेवावे. पुढील दीड तासात दुसऱ्या कलमाची याद कोणास राहिली नाही.

प्रथम हल्ला दंतवैद्यबाईंचा, आणि तो प्रेमाचा. त्यांनी कादंबरी दोनदा वाचिली, तीनदा रडल्या, आणि सातव्या प्रकरणी गच्चीवरचा जो प्रणय आहे तो वाचून, सूनबाई, तुमच्या लेखणीला तोड नाही, ऐसा त्यांनी जाहीर मुजरा केला. सातवे प्रकरण विषम. सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. यजमानांचे कान लाल जाहले, आणि त्यांनी एका बाटलीचे बूच उघडून पुन्हा लाविले. मग चष्म्यांचे दुकान चालविणारे चष्मेवाले उठले आणि म्हणाले की, अक्षर इतके बारीक की आपला धंदा वाढेल, पण नकाशे झकास आहेत, आणि आपण तेवढेच पाहिले. मग एकाने म्हणावे अजगर फार, दुसऱ्याने म्हणावे अजगर पुरेना, तिसऱ्याने म्हणावे पूर्वार्ध चढता आणि उत्तरार्ध ढासळता, आणि चौथ्याने म्हणावे नेमके उलट. एकाच कादंबरीविषयी बोलतात की नऊ वेगळ्या, हे कळेना. सूनबाई हे सर्व वहीत उतरून घेत होत्या, परंतु त्यांचे सारे लक्ष त्या लांब वहीकडे होते.

ती वही उघडली. बॉयलर तपासनीस उठले, आणि पहिला आक्षेप त्यांनी अजगराचे पोटावर घेतला की, आत इतकी आग असता झडप कोठे आहे? आणि दुसरा पुलावर घेतला, आणि तिसरा घोड्यांचे चाऱ्यावर. ऐसे करीत करीत ते एकतिसाव्यास पोचले, आणि सूनबाईंनी आपली वही मिटली.

"आक्षेप एकतीस," तपासनीस म्हणाले. "पान दोनशे अठ्ठ्याऐंशी. सेनापती मेला. भाला आरपार. पान दोनशे शहाण्णव. सेनापती अंडी खातोय. आता मला एवढंच सांगा, हा माणूस मेला की नाही?"

दालन उसळले. दंतवैद्यबाई ताडकन उठल्या आणि गरजल्या की, अहो, तो त्याचा आत्मा आहे, इतकी सुंदर जागा तुम्हांला कळली नाही? तपासनीस म्हणाले की, आत्मा तिसरा वाडगा मागतो काय? त्याबरोबर दोन तळ पडले, एक मेल्यावाल्यांचा आणि एक जित्यावाल्यांचा, आणि खुर्च्या सरकल्या, आणि चष्मेवाले कोणत्याच तळात नसल्याने मधोमध सापडून दोन्हीकडून मार खाऊ लागले. ग्रंथपालबाई घंटा वाजवीत राहिल्या. ती कोणी ऐकेना.

सूनबाईंनी सासूबाईंकडे पाहिले. त्या निश्चल बसल्या होत्या, हाती मिटलेला रुमाल. तेव्हा सूनबाईंचे मनी दोन वाटा उभ्या राहिल्या. दंतवैद्यबाईंचा आत्मा उचलून धरावा, तर अब्रू राहते, कोणाची चूक निघत नाही, दुसरा भाग वाचतो. परंतु लोक आत्म्यावर माना डोलवीत आहेत आणि सासूबाई मात्र ते कशावर डोलवीत आहेत हे न कळता बसल्या आहेत, हे त्यांचे डोळ्यांनी पाहावेना. मग त्या उठल्या.

"ती चूक आहे," त्या म्हणाल्या. "आणि आईंची नाही, माझी आहे. मी त्याला मारलं आणि आईंना सांगितलंच नाही. चिठ्ठीत लिहिलं नाही. मला भीती वाटली. आईंना माहीतच नव्हतं."

सासूबाईंनी रुमाल मांडीवर ठेविला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

सूनबाईंस वाटले, ऐकण्यात चूक जाहली.

"लढाई झाली, खूप पाऊस. अगं, तू पावसावर दोन दोन पानं लिहिणारी बाई! इतकी छोटी चिठ्ठी माणूस कधी लिहितो? काहीतरी लपवायचं असलं की. तेहतीस वर्षं मी पाकिटं बघितलीत, बाहेरूनच कळतं. तू ऑफिसला गेलीस आणि मी अठरावं काढून वाचलं, मग सोळावंही. तह मोडला मी. मोडला तर मोडला."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मारलंस ते ठीक होतं. खरं तर छान मारलंस. मी रडले. पण सोळाव्यापासून तो घोड्यावर, मला वाटलं सोळाव्यात तू जेवायला घालशील, सतराव्यात मी विसरले, आणि अठराव्यात तू त्याला भाला घातलास. तीन प्रकरणं पोटात अन्नाचा कण नाही! असं कुणी मारतं का माणसाला? मला झोप लागेना. म्हणून एकोणिसाव्यात बसवला जेवायला."

बॉयलर तपासनीस वही हाती धरून तसेच उभे होते. "बाई," ते अगदी हलके म्हणाले, "म्हणजे तो मेला की नाही?"

"मेला," सासूबाई म्हणाल्या. "पण जेवून."

"पण क्रम उलटा आहे!"

"असू दे."

हे ऐकून तपासनीस खाली बसले. त्यांनी पेन काढिले आणि एकतिसाव्या आक्षेपावर रेघ मारावयास गेले, आणि थांबले, आणि रेघ न मारिता समासात 'मेला, पण जेवून' ऐसे लिहून वही मिटली. उरलेले तेहतीस आक्षेप त्या दिवशी वाचलेच गेले नाहीत. दंतवैद्यबाई चवथ्यांदा रडल्या. सूनबाई उभ्या होत्या त्या खुर्ची चुकवून खालीच बसल्या, आणि हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि सासूबाईंनी त्यांस दंड धरून वर ओढिले आणि म्हटले, "ऊठ, लोक बघतायत."

मग वाचनालयाचे पायरीवर, यजमान गाडी आणावयास गेले असता, उभय लेखिकांत नवा तह जाहला. कलम पहिले, दुसरा भाग लिहावा. कलम दुसरे, फ्रिजचे दार पूर्ववत चालावे. कलम तिसरे, कोणास मारणे असेल तर त्याची वर्दी एक प्रकरण आधी द्यावी. सूनबाईंनी तिन्ही कलमे मान्य केली, घसा खाकरला, आणि म्हणाल्या की, तर मग आत्ताच सांगते, दुसऱ्या भागात मला राणीला मारायचंय.

सासूबाईंनी पिशवीतून पेन काढिले.

"तिला खायला काय आवडतं?" त्यांनी पुसिले.

येणेप्रमाणे शनिवारी, सायंकाळी पावणेसहाचे सुमारास, वाचनालयाचे पायरीवर फत्ते जाहली. वाचक नऊ, पैकी कादंबरी पसंत चौघांस, नापसंत तिघांस, एक अद्याप विचार करीत आहेत, आणि एकांनी नकाशेच पाहिले. लेखनिकाने जे घडले ते जसेचे तसे नमूद केले आहे. मेल्यावाले आणि जित्यावाले अजून एकमेकांशी बोलत नाहीत, परंतु त्यास दोन्ही लेखिकांचा इलाज नाही.