निर्वात संस्थेचे हेडक्लार्क

निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात हेडक्लार्कांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले, तेव्हा त्यांची बायको काही बोलली नाही. पाचव्या महिन्यात त्यांनी फ्रीजच्या दाराला एक वही टांगली आणि आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या प्रत्येक अंड्याची वेळेसह नोंद मागितली, तेव्हाही तिने ओठ मिटून घेतले. पण एका सकाळी ती मैत्रिणीकडे निघाली असताना त्यांनी तिच्यापुढे 'हालचाल रजिस्टर' धरलं आणि बाईंचा बांध फुटला.

"हे बघा, ऑफिसनं तुम्हाला चौतीस वर्षं सोसलं, कारण तिथे सोसायला चाळीस माणसं होती. इथे मी एकटी आहे. महिनाअखेरपर्यंत बाहेर काहीतरी काम शोधा. साडेदहाला जायचं, साडेपाचला यायचं. नाहीतर मी ताईकडे निघून जाईन."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची!"

कायमची ही रजा कोणत्या प्रकारात धरायची, असा विचार हेडक्लार्कांच्या मनात येऊन गेला. पण बायकोने खरोखरच माळ्यावरची बॅग खाली काढली आणि तो विचार त्यांनी तिथेच सोडला. त्यांचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं. ती गेली तर आपण या घरात कोणाच्या चुका काढणार, हेही त्यांना दिसत होतं.

दुपारी त्यांनी मुलीने दिलेला जुना लॅपटॉप उघडला आणि नोकऱ्या शोधू लागले. साठीच्या पुढच्या माणसाला कामावर घ्यायला जग उतावीळ झालेलं नाही, हे तासाभरात कळलं. तेवढ्यात कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि एक काळंकुट्ट पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'निर्वात संशोधन संस्था. आम्ही पोकळीचा अभ्यास करतो. तुमच्यासारख्या माणसाचीच आम्ही वाट पाहत होतो.' खाली एक चौकट होती आणि तीत आपलं म्हणणं लिहायचं होतं.

अशी कुठलीही संस्था नव्हती, हे वाचकांना सांगून टाकायला हरकत नाही. तो एक खेळ होता. तीन तरुण डोक्यांनी तो रचला होता. संस्थेतला एक शास्त्रज्ञ गायब झाला आहे, अशी गोष्ट. आणि खेळणाऱ्यांनी गूढ आकडे आणि निरोप सोडवत त्याचा माग काढायचा. हा खेळ आहे असं कुठेही कबूल करायचं नाही, हा त्यातला मोठा नियम. आलेलं प्रत्येक पत्र सगळ्यांना वाचता येत असे. पदव्या वगैरे घेतलेली दोन-तीन हजार माणसं कामाच्या वेळात हा खेळ खेळत होती. एरवीही ती कामाच्या वेळात काम करत नसल्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं.

हेडक्लार्कांनी चौकटीत रीतसर अर्ज लिहिला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, 'तुम्ही अर्ज करण्याआधीच तुमची निवड झाली आहे. आता माघार नाही.'

दुसरा कोणी असता तर त्याने घाबरून यंत्र बंद केलं असतं. हेडक्लार्कांना मात्र यात काही वावगं दिसलं नाही. अर्जाआधी झालेल्या निवडी त्यांनी खात्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या साहेबांच्या भाच्यांच्या होत्या, इतकाच फरक.

"अगं, लागली नोकरी! संशोधन संस्थेत. थेट वरून निवड झाली."

"जायचं कुठे?"

"ते कळवतील."

"कळवू देत. तोवर बॅग आहे तिथेच राहील."

दुसऱ्या दिवशी संस्थेचा निरोप आला. '७, १९, ४. उत्तर सातव्या दारामागे आहे. दार उघडू नका.' खेळणारी मंडळी तीन आठवडे या ओळीवर डोकं आपटत होती. हेडक्लार्कांनी असल्या पत्रांवर उभी हयात काढली होती. त्यांनी पाच मिनिटांत उत्तर धाडलं.

'महोदय, आपल्या पत्रावर जावक क्रमांक, दिनांक व स्वाक्षरी नाही. आकडे कशाचे आहेत, याचा बोध होत नाही. दार उघडायचे नसल्यास त्यामागील उत्तर कसे प्राप्त करावे, याबाबत खुलासा व्हावा. पहिल्या सहा दारांचा तपशील सोबत जोडलेला नाही, तो त्वरित पाठवावा.' खाली पूर्ण नाव, घराचा पूर्ण पत्ता आणि भेटीची वेळ, साडेदहा ते साडेपाच.

इथेच घोळ झाला. त्या दुनियेत लोक स्वतःच्या नावाऐवजी मांजराचा फोटो लावतात. मजल्यासकट खरा पत्ता देणारा माणूस तिथे कोणी पाहिलेलाच नव्हता. तेव्हा हा माणूस खरा असणं शक्य नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"हा आतला माणूस आहे!" असं खेळातल्या सर्वांत कडव्या भिडूने जाहीर केलं. हा गृहस्थ दंतवैद्य होता आणि ते जाहीर करताना त्याच्या खुर्चीत एक पेशंट आ करून पडला होता. मग पत्राची चिरफाड सुरू झाली. प्रत्येक अकरावं अक्षर उलट्या क्रमाने घेतलं तर 'तपकीर' हा शब्द मिळतो, असं एका प्राध्यापिकेने सिद्ध केलं. तपकिरीचा अर्थ काय, यावर दोन दिवस भांडण चाललं. उत्तर न आल्यामुळे हेडक्लार्कांनी स्मरणपत्र क्रमांक एक, दोन आणि तीन पाठवली, आणि खेळ रचणाऱ्यांची मूळ कोडी मंडळींनी साफ वाऱ्यावर सोडली.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. समोर पांढऱ्या कोटात दंतवैद्य उभा.

"सातवं दार हेच का?" त्याने कुजबुजत विचारलं.

"हे पहिलं. मागे बाल्कनीचं एक आहे. तुम्ही कोण?"

"म्हणजे हे पहिलंच!" दंतवैद्याचे डोळे चमकले.

हेडक्लार्क लगबगीने बाहेर आले. "निर्वात संस्थेच्या कामासाठी आलात? मग आधी अर्ज द्या. तीन प्रतींत."

दंतवैद्याने अर्ज लिहिला. हेडक्लार्कांनी तो चष्म्यातून पाहिला आणि परत दिला. "डावीकडे समास सोडलेला नाही. पुन्हा लिहा." दुसऱ्या वेळी दिनांक चुकला होता. तिसऱ्या वेळी साडेपाच वाजले. दंतवैद्य घरी गेला आणि त्याने भारावून सगळ्यांना कळवलं, 'पहिली पातळी भयंकर अवघड आहे. मी तीनदा नापास झालो.'

मग काय विचारता! मंगळवारी अकरा जण आले, गुरुवारी रांग जिन्यावरून खाली उतरली. सोफ्यावर अनोळखी माणसं समास आखत बसली. एकाने पोकळी शोधण्यासाठी स्वयंपाकघराची भिंत ठोकून पाहिली. प्राध्यापिकेने डब्यांवरचे क्रमांक वहीत उतरवून घेतले आणि तिखटाच्या डब्याला बारा नंबर का, असं बाईंना खोदून खोदून विचारलं.

"मी तुम्हाला बाहेर जायला सांगितलं होतं," बायको कडाडली, "बाहेरचं सगळं घरात आणायला नाही! आज महिनाअखेर आहे. मी चालले."

ती बॅग घेऊन दाराशी आली, तर तिथे एक चष्मेवाली मुलगी रडवेली होऊन उभी होती.

"काका, प्लीज हे थांबवा," ती म्हणाली.

"आपण कोण?"

"मी निर्वात संस्था. म्हणजे ती मी तयार केलीय, मी आणि माझ्या दोन मित्रांनी. खरी नाहीये ती काका. खेळ आहे तो."

"आणि माझी निवड?"

"ते उत्तर मशीन पाठवतं. सगळ्यांना तेच जातं."

हेडक्लार्क मटकन खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घालायचा विसरले. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते लपवण्याचं भानही त्यांना राहिलं नव्हतं. त्यांनी बायकोच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं.

"मग उद्यापासून मी कुठे जायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

बायकोने त्यांचा तो चेहरा इतक्या वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. तिने बॅग दाणकन खाली ठेवली.

"ए मुली, इकडे ये. तुझी कोडी आता कोण सोडवतं?"

"कोणीच नाही. सगळे काकांच्या रांगेत आहेत."

"आणि यांना घालवलंस तर हे लोक तुझ्याकडे टिकतील?"

मुलीने जिन्यावरच्या रांगेकडे पाहिलं.

"तुमची बसायची जागा आहे ना? तिथे एक टेबल टाक. उद्या साडेदहाला हे येतील. साडेपाचच्या आत घरी पाठवायचे नाहीत, सांगून ठेवते."

"काय सुंदर वळण घेतलंय गोष्टीनं!" रांगेतून दंतवैद्य म्हणाला.

एक तारखेपासून निर्वात संस्था खरोखरच सुरू झाली. आठवड्याभरात तिन्ही संस्थापक हजेरीपटावर सह्या करू लागले. त्यांतल्या दाढीवाल्याचे तीन लेटमार्क होऊन अर्धी रजा कापली गेली. चष्मेवालीने कंटाळून राजीनामा दिला, तो शेऱ्यासह परत आला. 'संस्था अस्तित्वात नाही, असे कारण आपण दिले आहे. दप्तर तपासले असता तसा कोणताही कागद आढळून येत नाही. राजीनामा नामंजूर.' रांग मात्र वाढतच गेली.

इकडे बायकोने पहिले चार दिवस मनसोक्त सुख भोगलं. डब्यांवरची लेबलं काढली, अंडी नोंद न करता खाल्ली, दुपारी पाय पसरून झोपली. पाचव्या दिवशी तिने मुद्दाम फ्रीजचं दार उघडं ठेवून पाहिलं, पण कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी ती साडी बदलून, पिशवी घेऊन थेट संस्थेत गेली.

दाराशी दंतवैद्य होता. त्याने आता दवाखाना संध्याकाळपर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली होती.

"काकू, अर्ज भरा."

"अरे, मी बायको आहे त्यांची!"

"नातेवाइकांसाठी वेगळा रकाना आहे."

तिने 'भेटीचे कारण' यापुढे 'डबा द्यायचा आहे' असं लिहून टाकलं. पाच मिनिटांत अर्ज परत आला, 'डबा सकाळीच नेलेला आहे. कारण समर्थनीय नाही.' बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तोच कागद उलटा केला आणि मागे खरडलं, 'घरात कोणी चुका काढत नाही. करमत नाही.'

कागद आत गेला. थोड्या वेळाने आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि हेडक्लार्क स्वतः दारात आले. घड्याळात सव्वातीन वाजले होते. त्यांनी बायकोची पिशवी हातात घेतली आणि दोघं जिना उतरून गेली.

दंतवैद्याने तातडीने सगळ्यांना कळवलं, 'आज एका बाईंनी दुसऱ्याच प्रयत्नात सगळ्या पातळ्या पार केल्या. समास नव्हता, दिनांक नव्हता, प्रत एकच होती. त्यांनी नेमकं काय केलं, ते कोणाला कळलं तर कृपया सांगावं.'