सहाशेचाळीस चिंचोके

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत फरशीवर चिंचोके दिसले, तर त्यांना पाय लावायचा नाही, असा दंडक होता. ते सांडलेले नसत, मांडलेले असत. मांडणारे आप्पा.

निपाणीजवळच्या त्या साखर कारखान्यात मी ऊस खात्यात कारकून होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आप्पा पूर्वी तंबाखूच्या वखारीत मुकादम. पोती कशी रचली की आणखी दहा मावतात, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. तेवढ्या भांडवलावर, पन्नाशीला टेकलेला हा माणूस कॉम्प्युटर शिकला. यंत्राची मेमरी सहाशेचाळीस के, म्हणजे किलोबाइट, म्हणून एका के-ला एक असे यांचे डब्यात सहाशेचाळीस चिंचोके. एक जरी कमी झाला तरी त्यांना समजायचं. मी एकदा उचलून पाहिलाय.

त्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तावरच यंत्रात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, असा चेअरमनसाहेबांचा हट्ट. पुण्याच्या इंजिनियरनं ती घातली, हार-नारळ झाला, पेढा खाऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची यादी काढायला बसलो, तर पडद्यावर एकच ओळ, मेमरी अपुरी आहे. कुणाचा फड आधी तोडायचा हे त्या यादीवर ठरायचं. टोळ्या पालं ठोकून बसल्या होत्या आणि तीन दिवसांवर गाळप. पुण्याला ट्रंक कॉल लावला, तर इंजिनियर म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघतो.

आप्पांनी चिंचोके मांडले. नवी सिस्टिम किती जागा खाते, प्रिंटर किती, सगळ्यांच्या रांगा लागल्या. मी मोकळी जागा मोजली. यादीच्या प्रोग्रॅमला ती पुरत होती, तसं मी म्हणालोही.

"जागा हाय रं, पर सलग न्हाय. गाडी निम्मी हितं, निम्मी तितं उभी करता येती व्हय?"

मग दोन दिवस हा माणूस गुडघ्यांवर. एक जिन्नस काढायचा, यंत्र बंद करून चालू करायचं, पुन्हा मांडायचं. कोण आधी आत शिरतो, कोण मागून, तो क्रमसुद्धा त्यांनी बदलला. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस हे करतोय, आणि मी नुसता आ वासून बघतोय. शेवटी सलग जागेत फक्त नऊ चिंचोके कमी पडले.

त्या जागेला लागूनच नऊ चिंचोक्यांची एक ढिगली होती. आप्पा दोन दिवस तिला हात लावत नव्हते. ही कुणाची, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, तो त्यांनीच लिहिलेला बारका प्रोग्रॅम. दिवसभर मेमरीत बसून असतो आणि रोज दुपारी एक वाजता पडद्यावर इंग्रजी अक्षरांत विचारतो, 'आप्पा, जेवलासा काय?' बटण दाबून उत्तर दिलं की पडद्यावरून जातो.

आप्पांनी लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात एकटेच.

"इचारनारं कोन तरी असावं, म्हणून केलतं," ते म्हणाले, आणि तो त्यांनी स्वतःच काढून टाकला. प्रिंटर खडखडला. यादी बाहेर आली, दुसऱ्या दिवशी सकाळी टोळ्या फडात गेल्या.

त्या दुपारी एक वाजला. आप्पा जेवणाचा डबा समोर ठेवून पडद्याकडे बघत बसले होते. चार वर्षं या माणसाच्या शेजारी बसून मला कधी सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

"आप्पा, जेवलासा काय?"

त्यांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं आणि थांबलं.

"न्हाय अजून," ते म्हणाले, आणि डबा उघडून त्याच्या झाकणात माझ्यासाठी भाकरी वाढली.